अख्खा बैल

माझ्या रुखवतात पाच पुस्तकं होती. दौंडच्या कार्यालयात चकल्यांचा मनोरा आणि लोकरीचा ससा यांच्यामध्ये आईनं ती पिवळ्या जिलेटिन कागदात गुंडाळून, वर लाल रिबन बांधून मांडली होती. पुण्यात अप्लाइड आर्ट शिकत असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून एकेक शोधून मी ती जमवली होती. पोस्टरची, अक्षरांची, रंगांची. सगळी इंग्रजी, सगळी जाडजूड, आणि सगळ्यांना कुणाच्या तरी बंद कपाटाचा वास. सासरकडच्या एका मावशींना राहवलं नाही. त्यांनी रिबन सोडवून एक पुस्तक उघडलंच. पान पांढरंशुभ्र आणि मधोमध एक लाल ठिपका. त्यांनी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, आणि माझ्या आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, दुकानदारानं फसवलं वो तुम्हास्नी. ह्ये छापायचंच ऱ्हायलंय."

मला तेव्हा फार राग आला होता. नवरी असल्यामुळे खाली मान घालून बसावं लागलं, नाहीतर मी त्या मावशींना रिकाम्या जागेचं महत्त्व तिथंच समजावून सांगितलं असतं. आता वाटतं, बरं झालं मान खाली होती.

सासर न्हावऱ्याचं. नवरा कुरकुंभला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. मी लग्नानंतर सहा महिन्यांत चौकात दुकान टाकलं. एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, मधे मी, माझा कॉम्प्युटर आणि खुर्चीमागच्या फळीवर ती पाच पुस्तकं. बोर्डावर 'डिझाइन स्टुडिओ' लिहिलं होतं. गाव 'फ्लेक्सचं दुकान' म्हणायचं. छपाईचं मशीन शिरूरला होतं. मी इथून फाइल पाठवायची, दुपारच्या एसटीनं गुंडाळी यायची आणि संध्याकाळपर्यंत ती चौकात लटकायची. वाढदिवस, दशक्रिया, दूध डेअरीचं उद्घाटन, निवड झाल्याबद्दल अभिनंदन. बैलांचेसुद्धा वाढदिवस असायचे. ज्या गावात बैलगाडे पळतात त्या गावात बैलालाही केक असतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण मी स्वतः तीन बैलांच्या डोक्यावर फेटे चढवलेत, कॉम्प्युटरवर.

प्रत्येक कामाआधी मी एखादं पुस्तक उघडून बसायची. काय ती पोस्टरं! एक रेघ, एक रंग, बास. मग गिऱ्हाईक यायचं आणि एका फ्लेक्सवर बावीस फोटो सांगायचं. मी बावीस फोटो बसवायची, फाइल पाठवायची आणि पुस्तकाची पानं चाळत उसासे टाकायची. नवरा म्हणायचा, "तू पोथी वाचल्यासारखी रोज ती पुस्तकं काढतेस, पण प्रसाद काही मिळताना दिसत नाही." त्याला काय कळतंय, असं मनात म्हणायची.

एक दिवस आप्पा आले. आप्पा म्हणजे गावातले जुने गाडामालक. त्यांच्या बैलांनी आसपासच्या कितीतरी घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, जिंकून गुलाल घेतलेला. सूनबाईच्या स्कुटीवर मागं बसून आले, दुकानाची पायरी पायानं चाचपून चढले आणि खुर्ची हातानं शोधून बसले.

"पोरी, माझ्या बैलाचा फ्लेक्स करायचाय," ते म्हणाले. "मोठा कर. धा बाय आठ."

"वाढदिवस आहे का, आप्पा?"

"वाढदिवस कशाचा! मला बगायचाय त्यो."

मला काही कळेना. बैल तर त्यांच्याच गोठ्यात उभा. मग सूनबाईंनी सांगितलं. शुगरनं आप्पांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. पुण्याला दोनदा लेसर करून आणलं. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर आता येणार नाही, आणि आहे ती किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. माणूस आलं एवढं त्यांना कळतं, कोण आलं ते आवाज दिल्यावर.

"हातानं कळतो की मला," आप्पा म्हणाले. "रोज चोळतोच त्याला. पर हातानं बैल तुकड्यातुकड्यानं कळतो. शिंगाव हात ठिवला तवा शेपूट न्हाई, शेपटीव ठिवला तवा शिंग न्हाई. मला एकदम बगायचाय, अख्खा. नजर हाय तवर."

सूनबाई दुसरीकडं बघायला लागल्या. मी 'हो आप्पा, करू' म्हणाले. त्यांनी काय मागितलं ते मी नीट ऐकलं होतं. ऐकलं फक्त कानांनी, एवढीच काय ती चूक.

कारण माझ्या डोक्यात दुसरीच भट्टी पेटली होती. कुणाचा हार नको, पुढाऱ्यांची रांग नको, शुभेच्छुक नको! दीड वर्षात पहिल्यांदा एवढी मोठी मोकळी जागा माझ्या हातात आली होती. मी लगेच तिसरं पुस्तक काढलं. त्यात माझं सगळ्यांत लाडकं पोस्टर होतं. एका माणसाचा चेहरा इतका जवळून घेतलेला, की पानभर फक्त एक डोळा आणि अर्धं नाक. बाकी सगळं कागदाबाहेर. धीटपणा म्हणतात तो हा, असं मी कॉलेजात असल्यापासून सगळ्यांना सांगत आले होते.

दुसऱ्याच दिवशी मी गोठ्यात जाऊन बैलाच्या तोंडाशी मोबाइल धरला. पांढरा खिल्लार, म्हातारा झालेला, पण डोळा असा पाणीदार की विचारू नका. पापण्या लांब, कडेला काजळासारखी रेघ. मी तो डोळा घेतला. डोळा, त्यावरचा शिंगाचा वीतभर बुंधा आणि कपाळाचा एक तुकडा. दहा बाय आठ. पुण्याच्या मैत्रिणींना पाठवला तर त्यांनी बदामांचा पाऊस पाडला. एकीनं लिहिलं, गावात राहून तू हे करतेस! मी दिवसभर हवेत होते.

फ्लेक्स आप्पांच्या गोठ्याच्या भिंतीवर लावला, ओसरीवरच्या त्यांच्या खाटेच्या अगदी समोर. सूनबाईंनी आप्पांचे खांदे धरून त्यांना तिकडं वळवलं. आप्पांनी मान पुढं काढली, तिरकी केली.

"काय हाय ह्ये?" ते म्हणाले. "हीर हाय का?"

"डोळाय आप्पा," सूनबाई म्हणाल्या. "बैलाचा."

"आन् बैल कुठंय?"

मी पुढं होऊन समजावायला लागले, की आप्पा, एका डोळ्यातच सगळा बैल आला, म्हणजे बघणाऱ्यानं बाकीचा मनानं पुरा करायचा. स्वतःचंच बोलणं ऐकून मला कसंतरी झालं. आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "चांगला आसंल पोरी, मलाच दिसत न्हाई," एवढं म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

घरी येऊन मी आधी नवऱ्यावर चिडले, मग शिरूरच्या मशीनवाल्यावर, मग गावावर. कुणीच उरलं नाही तेव्हा स्वतःवर. डोळ्यांनी अधू झालेल्या माणसानं अख्खा बैल मागितला आणि मी त्याला एक तुकडा दिला होता. तोही असा, की जो त्याला हातानं रोज कळत होताच. लाज वाटली मला. अजून आठवलं की वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून रागारागानं पुस्तकं चाळत होते. डोळे भरून आले म्हणून चष्मा काढला. माझा नंबर मोठा, उणे साडेसहा. चष्मा काढला की मला समोरचा माणूस आणि दाराची चौकट यांत फार फरक कळत नाही. समोर लाडकं पोस्टर उघडं होतं. त्यावर एक काळा डाग होता, बाकी पिठलं. मी पान लांब धरलं. डागच. म्हणजे आप्पा खरंच बोलले होते, विहीरच दिसत होती. मग मला चाळाच लागला. पुस्तक टेबलावर उभं करायचं, दुकानाच्या दारापर्यंत मागं जायचं आणि चष्म्याशिवाय बघायचं. एकामागून एक माझी सगळी दैवतं पिठल्यात बुडाली. तो लाल ठिपका तेवढा शाबूत राहिला, पण ठिपका काही बैल नव्हे.

डोकं उठलं म्हणून चहा करायचा ठरवला. पावडर संपलेली. चष्मा डोक्यावर सरकवून मी शेजारच्या किराणा दुकानाकडं निघाले. दुकानाच्या दाराला सुतळी बांधून तिच्यावर कंगवे, खेळण्यातली घड्याळं आणि अंकलिप्या लटकवलेल्या असतात. पहिलीच्या आधी प्रत्येकाच्या हातात येते ती पातळ अंकलिपी, कव्हरवर चौकटीचौकटीत चित्रं असलेली. मी रस्त्याच्या कडेला, दारापासून हातभर अलीकडं होते, चष्मा डोक्यावर होता, आणि मला दिसलं: छत्री. मग बदक. मग मडकं. आणि खालच्या रांगेत बैल. शिंगं, वशिंड, चार पाय, शेपूट, सगळा बैल. माझ्या बोटाच्या पेराएवढा.

मी तिथंच उभी राहिले. मागून ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"मामा, एक अंकलिपी द्या," मी दुकानदाराला म्हणाले. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि तोंडभर हसले. "आत्तापासनंच अभ्यास? वा वा! गोड बातमी दिसतीय." मी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी वर एक गोळी फुकट दिली. संध्याकाळपर्यंत ती बातमी आमच्या सासूबाईंपर्यंत पोचली, आणि खुलासा करूनही त्यांनी मला दोन दिवस पाण्याची कळशी उचलू दिली नाही. चहापावडर आणायची राहिली ती राहिलीच.

अंकलिपीचा मी त्या आठवड्यात जेवढा अभ्यास केला तेवढा शाळेत असताना केला नव्हता. कोण होतं ही चित्रं काढणारं? नाव कुठंच नाही. त्या माणसाला ठाऊक होतं, की कागद हलका असणार, शाई पसरणार, आणि बघणाऱ्याला अजून काहीच येत नसणार. म्हणून त्यानं प्रत्येक वस्तू जिथून सगळ्यांत जास्त ओळखू येईल तिथूनच काढली होती. बैल बाजूनं, चारही पाय वेगवेगळे दिसतील असा. फुलपाखरू वरून. एकावर एक काही नाही, काही कापलेलं नाही, कशावरचीही माया पातळ झालेली नाही. मी चष्मा काढून, मान तिरकी करून, हात लांब करून, नाना तऱ्हांनी पाहिलं. चित्र काही हलेना.

मग मी माझ्या त्या पाच पुस्तकांकडं परत गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांतला मजकूर वाचायला घेतला. हे लिहायला अवघड वाटतंय, पण खरं आहे. इंग्रजी माझं बेताचं. आजवर मी ती पुस्तकं पाहिली होती, वाचली नव्हती. मोबाइलवर शब्दांचे अर्थ शोधत, एका पानाला अर्धा तास लावत वाचलं. ज्या पुस्तकातला तो डोळा मी उचलला होता, त्याच्याच दुसऱ्या प्रकरणात साध्या भाषेत लिहिलेलं होतं, की काम झालं की डोळे अर्धवट मिटून त्याच्याकडं बघा. जे उरेल तेच तुमचं चित्र. आणि बघणारा कोण, कुठं उभा, त्याला काय दिसतं, हे आधी विचारा. माझ्या खुर्चीमागं दीड वर्ष हे उभं होतं. पुस्तकाची काही चूक नव्हती. त्यातल्या चित्रांवर मी भाळले आणि ती कुणासाठी काढली होती ते विचारलंच नाही. आधी राग आला, मग हसू आलं, मग जरा बरं वाटलं.

पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या रंगात मी एक बैल काढला. अंकलिपीतल्यासारखा, बाजूनं, अख्खा. तो घेऊन आप्पांकडं गेले आणि काही न बोलता अंगणाच्या पलीकडं जाऊन कागद दोन्ही हातांनी उंच धरला. आप्पा खाटेवर उठून बसले.

"बैल!" ते म्हणाले. "बैल हाय त्यो!"

मी कागद आणखी उंच धरला. तेवढ्यात ते म्हणाले, "पर कुणाचा? माझा पांढराय."

बरोबर होतं त्यांचं. मी एक बैल काढला होता, त्यांचा नव्हे. मग आम्ही दोघं गोठ्यात गेलो. मी शेणाच्या पाटीशेजारी पाट टाकून बसले, मांडीवर वही. आप्पांनी एक हात बैलाच्या अंगावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं हवेत रेघ ओढत सांगायला लागले.

"शिंगं वर जाऊन माघारी फिरत्यात. पर डावं बघ, जरासं आत हाय. वशिंड हितं उभं, आन् शेंड्याला मागं कलतं. गळ्याची पोळी कमी, लोंबती न्हाई. पाठ सरळ, पार काठीसारखी. म्हातारा झालाय पर पाठीत खड्डा न्हाई त्याच्या."

मी रेघ काढायची, ते थांबायचे, मी सांगायची काय काढलं, ते पुन्हा हात फिरवून खात्री करायचे. एवढं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही. मागच्या बाजूला हात गेला तसा बैलानं पाय झाडला. "म्हातारपणी खोडील झालाय," आप्पा म्हणाले. "कवाकवा मागं हात लावून देत न्हाई. ऱ्हाऊ दे, तिकडचं तू बघून काढ." मी बघून काढलं.

फ्लेक्स करायचा नाही हेही तिथंच ठरलं. उन्हात तो चमकतो आणि आप्पांच्या डोळ्यांना चमक सोसत नाही. डोळ्याचा फ्लेक्स उतरवून गोठ्याची तीच भिंत आम्ही गेरूनं रंगवली, लालभडक. त्यावर चुन्यानं पांढरा बैल. सासूबाईंना शिडीवर चढलेलं पसंत नव्हतं. त्यांचा अजून माझ्या खुलाशावर पुरता विश्वास बसला नव्हता. मी दोन दिवस हात माखून काम केलं. त्या दोन दिवसांत आप्पांनी खाट फिरवून घेतली आणि भिंतीकडं पाठ करून बसले. सूनबाईंनी विचारलं तर म्हणाले, "अर्धामुर्धा बगायचा न्हाई मला." मधूनमधून पाठमोरेच विचारायचे, "कुठवर आलं?" मी सांगायची, पाय झाले आप्पा, आता पोट. आता वशिंड. ते मान हलवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ऊन भिंतीवर सरळ आलं. मी शिडी बाजूला घेतली, चष्मा काढून एकदा स्वतः पाहिलं आणि सूनबाईंना खूण केली. त्यांनी खाट वळवली. ओसरीपासून भिंत पंचवीसएक पावलं असेल. कॉलेजात मोठ्या मोठ्या परीक्षकांपुढं काम मांडलं, पण अशी धास्ती कधी वाटली नव्हती. आप्पांनी हात कपाळावर आडवा धरला. मान इकडं केली, तिकडं केली. सूनबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या आणि मी सूनबाईंच्या.

"शेपूट," आप्पा म्हणाले.

"काय आप्पा?"

"शेपूट खाली पाडलीयास तू. ही आत्ताची झाली, म्हातारपणीची. माझ्या बैलाची शेपूट घाटात त्यो नुस्ता उभा असला तरी बी खाली नसायची. वर आसायची. अशी." आणि त्यांनी हात वर करून मनगटातून वळवून दाखवला.

पंचवीस पावलांवरून. मला एकदम रडूच फुटलं, हसतही होते. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. कॉलेजपासून काम करत आले होते, पण कुणी चूक काढली म्हणून जीव असा भरून कधीच आला नव्हता. डोळे पुसले, गेरूचा डबा एका हातात, चुन्याचा दुसऱ्या हातात घेतला आणि शिडी पुन्हा भिंतीला लावली.

आधी खालची शेपूट गेरूनं मिटवली. मग चुन्यात ब्रश बुडवला. मागून ओसरीवरून आप्पांचा आवाज येत होता, "वर घे. आजून वर. आजून. हां, तितंच!"